पाण्याने आखलेला जिल्हा

जून १८९५ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांना जोडणारा कालवा जहाजांसाठी खुला केला. आठ वर्षं खणकाम चाललं होतं. लांबी सुमारे ९८ किलोमीटर. डेन्मार्कला वळसा न घालता जर्मन युद्धनौकांना या समुद्रातून त्या समुद्रात जाता यावं, हा त्यामागचा मुख्य विचार होता. पण या कालव्यामुळे जर्मनीच्या वायव्य टोकाच्या एका मुलखाला चारही बाजूंनी पाणी आलं. पश्चिमेला उत्तर समुद्र, दक्षिणेला एल्ब नदीचं रुंद मुख, उत्तरेला आयडर नदी, हे आधीपासून होतंच. पूर्वेची जमिनीची बाजू तेवढी उरली होती, ती बहुतेक कालव्याने कापली. डिटमार्शेन जवळजवळ बेट झालं.

आज डिटमार्शेन हा श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातल्या अकरा जिल्ह्यांपैकी एक आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४२८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. वस्ती १ लाख ३५ हजारांच्या आसपास. मुख्य ठिकाण हायडे, गाड्यांच्या पाटीवरची अक्षरं एच-ई-आय. जर्मनीत असे २९४ ग्रामीण जिल्हे आहेत आणि बहुतेकांच्या सीमा कधीतरी एखाद्या सरकारी कचेरीत नकाशावर रेघा मारून ठरल्या, पुढच्या फेररचनेत बदलल्या, शेजारचा तुकडा जोडला गेला, नाव बदललं. अशा जिल्ह्यांचा इतिहास लिहायला बसलं तर तो राजपत्रांचा इतिहास होतो. डिटमार्शेनचं तसं नाही. शार्लमेनच्या काळात, म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीला, एल्बच्या उत्तरेचा सॅक्सन मुलूख फ्रँकांच्या ताब्यात गेला, तेव्हापासून हा प्रदेश याच नावाने आणि साधारण याच हद्दीत ओळखला जातो. मध्यंतरी त्याचे दोन तुकडे झाले आणि तब्बल चार शतकांनी पुन्हा एक झाले. तरी हद्द फारशी हलली नाही, कारण ती पाण्याने आणि दलदलीने आखलेली होती.

जिल्ह्याची जमीन दोन प्रकारची. पूर्वेकडचा उंचवट्याचा भाग म्हणजे गेस्ट. हिमयुगात बर्फाने ढकलत आणलेली वाळू आणि दगडगोटे यांचा हा पट्टा. उंची कुठेही शंभर मीटरला पोचत नाही, जमीन हलकी, पीक बेताचं. पश्चिमेकडचा सपाट भाग म्हणजे मार्श. समुद्राने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळाची ही जमीन काळी, चिकट आणि अतिशय सुपीक. बुर्ग, कुडेन या गावांजवळ गेस्टची कड एकदम तुटून खाली उतरते. एके काळी समुद्राच्या लाटा तिथे आपटत होत्या. आज त्या कड्यावरून पाहिलं तर खाली नुसती शेतं आणि सरळ रेषेतले पाण्याचे चर दिसतात.

मार्शमध्ये राहायचं तर आधी पाण्याशी भांडण मिटवायला हवं. सुरुवातीच्या वस्तीने ते उंच बसून मिटवलं. माती आणि शेण यांचे थर एकावर एक चढवून लोकांनी टेकाडं रचली आणि त्यांवर घरं बांधली. वेसलबुरेन, वोर्डेन ही गावं अशा टेकाडांवरच उभी आहेत. वेसलबुरेनमधले रस्ते अजूनही चर्चभोवती गोलाकार फिरतात, कारण टेकाडच गोल होतं. बाराव्या शतकाच्या सुमारास बांध घालायला सुरुवात झाली आणि सगळंच बदललं. बांध एकट्याला घालता येत नाही. शेजाऱ्याच्या हद्दीतला बांध फुटला तर आपलंही शेत बुडतं. म्हणून कुणी किती लांबीचा बांध राखायचा, माती कुठून आणायची, कामचुकारपणाला काय शिक्षा, याचे नियम आले. ज्याला बांध घालायचा नाही त्याने गाव सोडावं, अशा अर्थाची एक म्हण या किनाऱ्यावर आजही बोलली जाते. ती नुसती धमकी नव्हती. जो आपला वाटा राखू शकत नसे त्याला जमीन खरोखरच सोडावी लागे.

बांध पुढे सरकत गेला आणि त्यामागे खारजमीन मिळत गेली. अशा प्रत्येक बंदिस्त तुकड्याला कोग म्हणतात. ब्यूझुम हे आजचं पर्यटनाचं गाव पूर्वी बेट होतं. १५८५ मध्ये बांध घालून ते मुख्य भूमीला जोडलं गेलं. फ्रीडरिखस्कोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला समुद्रातून काढला आणि त्याला तत्कालीन डॅनिश राजाचं, सातव्या फ्रेडरिकचं नाव दिलं. कोगांची नावं क्रमाने वाचली तर कोणत्या काळात इथे कुणाची सत्ता होती ते कळतं. त्यातल्या एका नावाकडे पुढे यायचं आहे.

या जमिनीच्या जोरावर मध्ययुगात इथे एक गोष्ट घडली, जिच्यामुळे डिटमार्शेनचं नाव युरोपच्या इतिहासात राहिलं. आजूबाजूला सगळीकडे शेतकरी कुठल्या ना कुठल्या सरदाराचे बांधील असताना इथे सरदारच नव्हता. ११४४ मध्ये इथला काउंट रुडॉल्फ मारला गेला. धान्याच्या पोत्यांत हत्यारबंद माणसं लपवून शेतकरी त्याच्या गढीत शिरले, अशी कथा बुर्ग गावात आजही सांगतात. १२२७ मध्ये बोर्नह्योफेटच्या लढाईत डिटमार्शेनची माणसं डॅनिश राजा दुसरा वाल्डेमार याच्या बाजूने उभी राहिली आणि ऐन लढाईत फिरली. राजा हरला. त्यानंतर डिटमार्शेनचा धनी कागदोपत्री ब्रेमेनचा आर्चबिशप झाला. तो एल्बच्या पलीकडे राहणारा. दूरचा आणि दुबळा धनी यापेक्षा सोयीचं काय असतं? प्रत्यक्षात कारभार गावकऱ्यांच्याच हाती आला.

तो कारभार भावकीवर उभा होता. प्रत्येक शेतकरी एखाद्या घराण्याचा किंवा शपथेने बांधलेल्या जथ्याचा सदस्य असे. बांधाचं काम, आग लागली तर मदत, कोर्टात साक्ष, आणि खून झाला तर सूड, हे सगळं भावकी पाहत असे. १४४७ मध्ये मुलखाचा कायदा लेखी झाला आणि सर्वोच्च न्यायासाठी अठ्ठेचाळीस जणांचं मंडळ नेमलं गेलं. हायडेच्या मोकळ्या मैदानावर सभा भरू लागल्या. आज तो बाजारचौक ४.७ हेक्टरांचा आहे, जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या मोकळ्या चौकांपैकी एक. त्याचा आकार पाहिला की हे गाव सभेभोवती वाढलं हे सहज पटतं.

याला शेतकऱ्यांचं प्रजासत्ताक म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून म्हणावं. अठ्ठेचाळीस जण तहहयात नेमलेले असत आणि ते बहुतेक मार्शमधल्या मातब्बर घराण्यांतले. आपलं धान्य परदेशी बंदरांत विकणाऱ्या, १४६८ पासून ल्युबेकसारख्या धनाढ्य शहराशी करार असलेल्या या माणसांना गरीब शेतकरी म्हणणं जरा विनोदीच आहे. गेस्टवरच्या लहान शेतकऱ्याला फारसा आवाज नव्हता. गडी, मोलकरणी आणि भूमिहीन मजूर तर हिशेबातच नव्हते. डिसेंबर १५२४ मध्ये ल्यूथरचा अनुयायी हेन्री ऑफ झुटफेन इथे प्रवचनं द्यायला आला, तेव्हा याच स्वतंत्र मुलखाने त्याला हायडेत जाळलं. आठ-नऊ वर्षांत सगळा मुलूख ल्यूथरपंथी झाला. मंडळातल्या पेटर स्विनने भावक्यांच्या शपथा आणि सूडाची रीत मोडायचा प्रयत्न केला, तर १५३७ मध्ये त्यालाच ठार मारण्यात आलं. स्वातंत्र्य खरं होतं. ते कुणाचं होतं, हे मात्र विचारायला हवं.

शेजारच्या राजांना हा मुलूख सलत होता. १३१९ मध्ये होल्श्टाइनचा काउंट चालून आला. शेतकरी कोंडलेल्या वोर्डेनच्या चर्चला त्याने आग लावली आणि तेच शेतकरी बाहेर उसळून जिंकले. १४०४ मध्ये श्लेस्विगचा ड्यूक इथल्याच एका झाडीच्या खिंडीत मारला गेला. १४७४ मध्ये सम्राटाने डिटमार्शेन कागदावर डॅनिश राजाला देऊन टाकलं. शेतकऱ्यांनी ते मानलं नाही. मग आलं वर्ष १५००.

डॅनिश राजा हान्स आणि त्याचा भाऊ ड्यूक फ्रेडरिक सुमारे बारा हजारांचं सैन्य घेऊन निघाले. त्यात चार हजारांची 'काळी गार्ड' होती. ही उत्तर युरोपातली नावाजलेली भाडोत्री फौज, तिचा सेनापती थॉमस स्लेंट्स. सोबत होल्श्टाइनचे उमराव आपल्या घोड्यांवर, आणि मागे लूट भरायला गाड्या. मेलडॉर्फ सहज पडलं, तिथे कत्तल झाली. १७ फेब्रुवारीला सैन्य उत्तरेकडे हायडेच्या दिशेने निघालं. रस्ता एकच होता, अरुंद, मातीचा, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर. नुकतंच बर्फ वितळलेलं, समोरून वारा आणि गारपीट. हेमिंगश्टेटच्या अलीकडे वुल्फ इझेब्रांडच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी रात्रीतून मातीचा एक बुरूज रचला होता आणि त्यावर तोफा चढवल्या होत्या. सैन्य त्या अरुंद रस्त्यावर लांबलचक पसरलं, पुढच्यांना वाट मिळेना आणि मागचे ढकलू लागले. शेतकऱ्यांनी बांधाची दारं उघडली. समुद्राचं पाणी शेतांत पसरलं, रस्ता आणि चर यांतला फरक दिसेनासा झाला.

चिलखत घातलेला घोडेस्वार चिखलात पडला की त्याला उठता येत नाही. शेतकरी मात्र लांब काठ्या टेकून चर ओलांडण्यात लहानपणापासून पटाईत. अनवाणी, हलक्या कपड्यांत ते काठ्यांवरून उड्या मारत बाजूने तुटून पडले. स्लेंट्स मारला गेला. काळी गार्ड तिथेच संपली, होल्श्टाइनच्या उमराव घराण्यांत शोक पसरला. राजा निसटला, पण डॅनिश ध्वज शेतकऱ्यांच्या हाती पडला आणि पुढची साठ-एक वर्षं तो वोर्डेनच्या चर्चमध्ये टांगलेला होता. टेल्झे नावाची एक तरुणी निशाण घेऊन सर्वांत पुढे होती असं सांगतात. तिच्याबद्दलचा पुरावा पातळ आहे, कथा मात्र जाड. या पराभवानंतर वर्षभरातच स्वीडनने राजा हान्सविरुद्ध बंड केलं आणि तो मुकुटही त्याच्या हातून गेला. एका चिखलाच्या रस्त्यावरच्या काही तासांचा धक्का स्टॉकहोमपर्यंत पोचला.

हेमिंगश्टेटची लढाई शौर्याने जिंकली असं स्मारकं सांगतात. माझं मत वेगळं आहे. शौर्य होतंच, पण लढाई जिंकली ती बांध राखायची सवय असलेल्या माणसांनी. कोणतं दार उघडलं तर पाणी कुठवर चढेल, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. राजाच्या सेनापतीला ते माहीत असायचं काहीच कारण नव्हतं.

पुढच्या पिढीतले विजेते हे शिकले. १५५९ मध्ये राजा दुसरा फ्रेडरिक आणि त्याचे दोन काका, ड्यूक आडोल्फ आणि ड्यूक योहान, एकत्र आले. सेनापती होता साठी उलटलेला योहान रांत्साउ. त्याने फेब्रुवारी टाळला, उन्हाळा निवडला, आणि एकाच रस्त्याने जाण्याऐवजी वेगवेगळ्या बाजूंनी हल्ले केले. जूनच्या सुरुवातीला मेलडॉर्फ पडलं, मग हायडे, आणि २० जूनला शरणागती लिहिली गेली. तो ध्वज परत द्यावा लागला. मुलखाची आधी तीन, मग १५८१ पासून दोन भागांत वाटणी झाली: उत्तर भाग गोटोर्फच्या ड्यूककडे, दक्षिण भाग डॅनिश राजाकडे. मात्र शेतकऱ्यांच्या जमिनी त्यांच्याच राहिल्या आणि स्थानिक कारभारातही त्यांचा बराच हात राहिला. विजेत्यांना कर हवा होता, आणि कोणता शेतकरी कर देऊ शकतो हे त्यांना कळत होतं. डॅनिश राजांनी आपल्या राजचिन्हात डिटमार्शेनसाठी चिलखतधारी घोडेस्वार घेतला. तोच घोडेस्वार आजही जिल्ह्याच्या चिन्हावर आहे. घोडेस्वारांना चिखलात लोळवणाऱ्यांच्या नावावर घोडेस्वार!

दक्षिण भाग डॅनिश राजाकडे होता म्हणून एक माणूस मेलडॉर्फला आला, ज्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. कार्स्टन नीबूर, जन्म १७३३, एल्बच्या पलीकडच्या हाडेल्नमधल्या शेतकरी घरात. तोही मार्शचाच मुलूख. त्याने गणित आणि मोजणीची विद्या शिकली आणि १७६१ मध्ये डॅनिश राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो मोजणीदार म्हणून निघाला. सोबत भाषातज्ज्ञ फॉन हाफेन, वनस्पतिशास्त्रज्ञ फॉर्स्कोल, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि एक नोकर. येमेनमध्ये हिवतापाने पहिले दोघे गेले. उरलेले मुंबईच्या जहाजावर चढले, तर चित्रकार आणि नोकर समुद्रातच वारले. सप्टेंबर १७६३ मध्ये नीबूर आणि क्रामर मुंबईला पोचले. फेब्रुवारी १७६४ मध्ये क्रामरही मुंबईतच गेला. सहांपैकी एक उरला.

हा एक माणूस डिसेंबर १७६४ पर्यंत मुंबईत राहिला. मधे सुरतेला जाऊन आला. पारशी, हिंदू, मुसलमान यांच्या चालीरीतींच्या नोंदी केल्या. आणि तो घारापुरीला गेला. साष्टीप्रमाणे हे बेटही तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात होतं. चित्रकार मेलेला, म्हणून मोजणीदारानेच हातात कागद घेतला. लेण्याचा नकाशा त्याने मोजून काढला, खांबांची जागा नोंदवली, त्रिमुखी शिवाची आणि इतर शिल्पांची चित्रं काढली. ती १७७८ मध्ये त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात छापली गेली. घारापुरीबद्दल युरोपात याआधीही लिहिलं गेलं होतं, पण मोजमापाच्या शिस्तीने काढलेला नकाशा आणि चित्रं एकत्र देणाऱ्या सुरुवातीच्या कामांत नीबूरचं काम गणलं जातं. परतीच्या वाटेवर त्याने पर्सेपोलिसचे कीलाकार लेख उतरवून घेतले. त्याच नकलांवरून पुढे १८०२ मध्ये ग्रोटेफेंडने ती लिपी वाचायला सुरुवात केली.

कोपनहेगनला परतल्यावर त्याला मानमरातब मिळाला असता. त्याने १७७८ मध्ये मेलडॉर्फची सरकारी लेखनिकाची जागा मागून घेतली आणि १८१५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. महसुलाच्या नोंदी, दस्तऐवज, जमिनींचे वाद. घारापुरीचे खांब मोजलेला माणूस मार्शच्या जमिनींचे कागद लिहीत बसला. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. त्याचा मुलगा बार्टोल्ड मेलडॉर्फमध्येच वाढला आणि रोमच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक झाला. त्या वेळी शेजारी होता हाइनरिख बोइए. तो मेलडॉर्फचा प्रशासकीय प्रमुख आणि जर्मन साहित्यातला नावाजलेला संपादक. एवढ्याशा गावात अशी माणसं जमली, ही डॅनिश नोकरशाहीची कमाई म्हणायला हवी.

१७७३ मध्ये उत्तर भागही डॅनिश राजाकडे आला, पण दोन्ही भागांचा कारभार वेगळाच राहिला. १८६४ च्या युद्धानंतर डेन्मार्क हटला. १८६७ मध्ये प्रशियाने इथे आपल्या पद्धतीचे जिल्हे पाडले, तेव्हा जुनी वाटणी तशीच उचलली: उत्तर डिटमार्शेन हायडेहून आणि दक्षिण डिटमार्शेन मेलडॉर्फहून. याच काळात वेसलबुरेनच्या एका गवंड्याचा मुलगा फ्रीडरिख हेबेल जर्मन नाटकात आणि हायडेचा क्लाउस ग्रोट लो जर्मन कवितेत मोठं नाव कमावून बसले होते. संगीतकार ब्राम्सचे वडीलही हायडेचेच, मुलगा मात्र हॅम्बुर्गमध्ये जन्मला.

वेसलबुरेनला आणखी एक मान आहे. १८८९ मध्ये एडुआर्ड लास नावाच्या माळ्याने तिथे मोठ्या प्रमाणावर कोबी लावून पाहिला. मार्शची जड, ओलावा धरून ठेवणारी माती, थंड उन्हाळा आणि किडींना टिकू न देणारा समुद्री वारा कोबीला मानवला. आज जिल्ह्यात जवळपास तीन हजार हेक्टरांवर कोबी होतो आणि दरवर्षी सुमारे आठ कोटी गड्डे निघतात. युरोपातलं सर्वांत मोठं सलग कोबीक्षेत्र हेच. १९८७ पासून सप्टेंबरमध्ये कोबीचा उत्सव भरतो. हंगामातला पहिला गड्डा समारंभाने कापतात, कोबीच्या राण्या निवडतात. या थाटाची चेष्टा करावीशी वाटते, पण बाजारभाव पडलेल्या पिकालाही मिरवता येतं हे आपल्या कांदा-द्राक्षवाल्यांनी पाहण्यासारखं आहे.

आता त्या कोगाच्या नावाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डिटमार्शेनच्या स्वातंत्र्याची कथा साहित्यात आणि स्मारकांत फुलली. १९०० मध्ये हेमिंगश्टेटच्या रणभूमीवर चारशेव्या वर्षाचं स्मारक उभं राहिलं. वेसलबुरेनचा आडोल्फ बार्टेल्स याने या इतिहासावर कादंबरी लिहिली. तो कडवा ज्यूद्वेष्टा होता. बार्ल्टचा पाद्री-कादंबरीकार गुस्टाव फ्रेन्सेनही पुढे नाझींच्या बाजूला गेला. रक्ताने स्वतंत्र असलेला शेतकरी ही कल्पना तयारच होती. १९२० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले, कर्जं वाढली, जप्त्या सुरू झाल्या. शेतकऱ्यांनी काळा झेंडा घेऊन कर नाकारायची चळवळ केली. तिचा एक पुढारी क्लाउस हाइम डिटमार्शेनचाच. सरकारी कचेऱ्यांवर बॉम्बही फुटले. या संतापाचा फायदा हिटलरच्या पक्षाने घेतला. १९२८ च्या निवडणुकीत देशभर त्या पक्षाला २.६ टक्के मतं होती, इथे त्याच्या कितीतरी पट. मार्च १९२९ मध्ये वोर्डेनला नाझी आणि कम्युनिस्ट यांच्यात मारामारी होऊन तीन जण मेले. मेलेल्या नाझींच्या अंत्ययात्रेला हिटलर स्वतः आला. १३१९ ची आग, १५०० चा ध्वज आणि १९२९ चे हुतात्मे, सगळं एकाच गावात. प्रचाराला याहून सोयीचं काही मिळणं कठीण.

१९३५ मध्ये एल्बच्या मुखाशी समुद्रातून काढलेल्या नव्या कोगाला 'आडोल्फ हिटलर कोग' असं नाव देण्यात आलं. उद्‌घाटनाला तो हजर होता. तिथे वसायला येणारी कुटुंबं पक्षनिष्ठा आणि वंश पाहून निवडली गेली. चर्चऐवजी मध्यभागी पक्षाचं सभागृह बांधलं. १९४५ नंतर कोगाचं नाव डीक्सांडरकोग झालं. ते सभागृह अजून उभं आहे आणि आता त्याच इतिहासाची ओळख करून देतं. गुडेनडॉर्फला युद्धाच्या शेवटच्या वर्षांत आजारी सोव्हिएत युद्धकैद्यांची छावणी होती. तिथल्या मृतांचं स्मारक मोठं आहे, मात्र पर्यटक तिकडे कमी वळतात. आणि युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी शरण आलेल्या लाखो जर्मन सैनिकांना ठेवायला जागा शोधली, तेव्हा डिटमार्शेन आणि शेजारचं आयडरश्टेट निवडलं. चारही बाजूंनी पाणी असलेल्या मुलखाला वेगळं कुंपण घालावं लागत नाही.

२६ एप्रिल १९७० ला उत्तर आणि दक्षिण जिल्हे एक झाले. मुख्य ठिकाण हायडे झालं, मेलडॉर्फची कचेरी गेली. जर्मन जिल्ह्याची कामं रुक्ष असतात: वाहन नोंदणी, कचरा, रुग्णालय, काही शाळा, समाजकल्याण, रस्ते. लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद असते आणि परिषदेने निवडलेला जिल्हाप्रमुख, लांडराट, प्रशासन चालवतो. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा तो वरून बदलीवर आलेला नसतो. मुख्य समुद्री बांध आता राज्य सरकारकडे आहेत. १९६२ च्या मोठ्या वादळी भरतीनंतर किनारा आखूड करायचं काम सुरू झालं, मेलडॉर्फजवळचा उपसागर बंद झाला, आयडरच्या मुखावर १९७३ मध्ये भरती अडवणारी प्रचंड दारं बसली.

ज्या वाऱ्याला आणि समुद्राला हा मुलूख घाबरत आला, त्यांच्यावरच आता त्याचा उद्योग आहे. १९८३ मध्ये कैझर विल्हेल्म कोगात शंभर मीटर व्यासाची पवनचक्की उभी राहिली, जगातली त्या काळची सर्वांत मोठी. ती मोडतच राहिली, एकूण चारशे-एक तास चालली आणि उतरवली गेली. गंमत म्हणजे त्याच जागी १९८७ मध्ये लहान पवनचक्क्यांचा जर्मनीतला पहिला समूह सुरू झाला आणि तो चालला. १९८७ मध्येच किनाऱ्यापासून सात-एक किलोमीटरवर मिटेलप्लाटे हे तेलाचं केंद्र सुरू झालं. जर्मनीतलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र, तेही १९८५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आत. २००९ पासून इथला किनारी समुद्र, वाडन समुद्र, जागतिक वारसा आहे, तेल मात्र निघतंच आहे. जिल्ह्यातल्याच ब्रुन्सब्युटलची अणुभट्टी १९७६ ते २००७ चालली. आता तिथेच द्रवरूप वायूचं बंदर आहे, आणि उत्तरेची वीज दक्षिण जर्मनीत नेण्यासाठी आखलेली वाहिनीही तिथूनच सुरू व्हायची आहे. मार्च २०२४ मध्ये हायडेजवळ तीन हजार नोकऱ्यांचं आश्वासन देणाऱ्या बॅटरी कारखान्याची पायाभरणी जर्मन चान्सलरच्या हस्ते झाली. वर्षभराने स्वीडनमधली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. स्वस्त वाऱ्याच्या भरवशावर मोठा उद्योग येईल हा हिशेब चुकीचा नव्हता, पण सगळी अंडी एका परक्या टोपलीत ठेवायची घाई झाली, असं माझं मत.

हॅम्बुर्गच्या आल्टोना स्थानकातून पश्चिम किनाऱ्याची रेल्वे पकडली तर होखडोनच्या दोन किलोमीटरहून लांब पुलावरून कालवा ओलांडून तुम्ही डिटमार्शेनमध्ये उतरता. रस्त्याने गेलात तर कालव्यावरची फेरीबोट फुकट आहे. जुने रस्ते तोडले म्हणून सरकारने ती सोय तेव्हापासून चालू ठेवली आहे. मेलडॉर्फचं तेराव्या शतकातलं चर्च पाहा, शनिवारी हायडेच्या चौकातला बाजार गाठा. ब्यूझुमला ओहोटीच्या वेळी समुद्राचा तळ मैलोन् मैल उघडा पडतो आणि त्यावर चालत जायचा मोह होतो. वाटाड्या सोबत घेतल्याशिवाय आणि भरतीची वेळ पाहिल्याशिवाय बांधापलीकडे पाऊल टाकू नका.